गळ्याचे टाके

१४ जून, सिडनी

चढलो बाई एकदाचे जहाजावर! केबिन आमच्या पोर्टलंडच्या न्हाणीघराएवढी, पण बाल्कनी आहे, दोन खुर्च्या आहेत, चहाची किटली आहे. या मर्ल हॅगर्टीला, म्हणजे मला, आणखी काय हवं? धक्क्यावर माझ्या बहिणीने, ग्लेनिसने, माझी बाही दोनदा ओढली. लहानपणी ओढायची तशीच. तोंडाने "चल ना" म्हणायची या बयेला तेव्हापासून चोरी. दोन वर्षांत आज पहिल्यांदा ओढली. मला इतकं भरून आलं की भर गर्दीत मोठ्याने नाक शिंकरलं.

डेस, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी शेवंडं पकडायच्या बोटीवर गेला तो गेलाच. प्रेतही हाती लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात ग्लेनिस पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. यंदा तिने हट्टच धरला, हिवाळा समुद्रावर काढायचा. अडवली असती तर एकटी निघाली असती, म्हणून मी बरोबर. तिच्या लेकीने निघताना एवढंच सांगितलं की मावशी, जशी नेतेस तशी परत आण. आणीन की. न आणायला काय झालं!

१७ जून

लापशी, बिंगो, जेवण, झोप, स्कोन, पुन्हा जेवण. असेच दिवस गेले तर घरी परतताना मला क्रेनने उतरवावं लागेल.

पुढच्या दिवाणखान्यात विणणाऱ्या बायकांचं कोंडाळं जमतं. म्होरक्या आयोनाबाई, टास्मानियाच्या, ऐंशीच्या पुढच्या. दर हिवाळ्यात याच जहाजावर असतात म्हणे. सगळ्या मिळून एकच करडा पुरुषी स्वेटर विणतात. दोन ओळी झाल्या की शेजारणीच्या मांडीवर. मी म्हटलं, सात बायकांनी मिळून एक स्वेटर, म्हणजे घालणाऱ्याला सात सासवा. हसल्या सगळ्या. कुणासाठी आहे हे मात्र कुणी सांगेना.

२० जून

कळलं. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसांसाठी आहे. दर हिवाळ्यात एक स्वेटर पाण्यात सोडायचा, थंडी वाजत असेल बिचाऱ्यांना म्हणून. यंदाचा आयोनाबाईंनी डेसच्या मापाचा करायला घेतला. ग्लेनिसने छाती, बाही, खांदा सगळं तोंडपाठ सांगितलं. मग रडली. मग लोणी लावून दोन स्कोन खाल्ले. दोन! मला बाकी काही नको.

२४ जून

स्वेटर झाला, पण गळा तसाच. आयोनाबाईंनी सुई काढून गळ्याचे टाके एका पांढऱ्या दोऱ्यात ओवून ठेवले आणि बजावलं की आता याला हात लावायचा नाही, गळा असाच ठेवायचा असतो. मी मनात म्हटलं, म्हातारे, करडी लोकर संपली म्हणून सांग की सरळ! आमच्या आईने असलं अर्धवट काम बघितलं असतं तर सुई टोचली असती.

दुपारी सगळ्या बिंगोला गेल्या. माझ्या पिशवीत डाळिंबी लोकर होती, ग्लेनिसला मी विणलेल्या कार्डिगनमधली उरलेली. एक ओळ घातली आणि टाके बंद करून टाकले. कात्री जहाजावर चढतानाच काढून घेतली होती, म्हणून टोक लांबच लोंबत राहिलं. कडा आत दुमडून, घडी घालून ठेवला. आपला डेस होता तो, उघड्या गळ्याने कसा पाठवायचा? मला फार समाधान वाटलं.

२५ जून

सकाळी डेकवर जमलो. भयंकर गारठा, पाणी शिशासारखं. ग्लेनिसने स्वेटर सोडला. तो बुडाला नाही. बाह्या पसरून जहाजाबरोबर बराच वेळ तरंगत आला.

चहाला बसल्यावर आयोनाबाईंना सांगितलं की मी गळा पुरा केला. जरा मिरवायलाच. त्यांनी कप खाली ठेवला. कुठल्या लोकरीने, विचारलं. सांगितलं. ती लोकर कुणाची, विचारलं. तेही सांगितलं. अगं बाई, काय केलंस हे, एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

२७ जून

केबिनमध्ये ओल्या लोकरीचा वास येतोय. पाऊस नाही, लाट इतक्या वर येत नाही, तरी बाल्कनीतली एक खुर्ची ओली. ग्लेनिस गुणगुणत असते. दुपारचा चहा दोन कप करते आणि एकात साखर तीन चमचे. आम्ही दोघी बिनसाखरेचा पितो. डेसला लागायची तीन चमचे.

२८ जून

आज म्हणाली, गळा अगदी बरोबर बसला हं, मर्ल.

गळ्याचं मी तिला सांगितलेलंच नाही. आयोनाबाईंनीही नाही, मी जाऊन विचारून आले. त्या दार किलकिलं करूनच बोलल्या. गळा उघडा असला की बुडालेल्यांना कळतं, कुणीतरी आठवण काढली. पण अंगात घालता येत नाही. पुरा झालेला स्वेटर ते घालतात. अंगात ऊब आली की मग घर शोधत येतात. आणि तू तर त्याला तिच्याच लोकरीने बांधलंस.

मी म्हटलं, काहीतरीच तुमचं. तरी उपाय विचारला. टोक सापडलं तर ओढ, शेवटच्या टाक्यापासून सगळा उसवून टाक, म्हणाल्या.

२९ जून

बाल्कनीचं दार मी बंद करते, ती उघडते. मी बंद करते — किती वेळा झालं. आज मला म्हणाली की तू किती खवीस आहेस, तो बाहेर कुडकुडतोय. तिचे हात बर्फ झालेत. जेवत नाही. पुढचं बंदर अजून लांब आहे. लेकीला काय सांगू मी?

३० जून

दुपार. ग्लेनिस शेवटी झोपली. पांघरूण डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड. कार्डिगन अंगातच आहे.

टोक सापडलं. बाल्कनीच्या दाराच्या फटीत. डाळिंबी.

ओढते आहे —

लिहायला थांबले. डाळिंबी ओळ निघाली, मग करडी सुरू झाली. सुटते आहे, भराभरा. थंडगार, खारट, ओली. गुंडा नारळाएवढा झाला. बाहेर काहीतरी लाकडावर घासतंय. बघणार नाही. डेस, माफ कर रे बाबा, पण ती माझी आहे.

करडी संपली. देवा, संपली! वास गेला. खुर्ची —

पण दोरा संपलेला नाही. येतोच आहे.

पुन्हा डाळिंबी. माझी तर एकच ओळ होती. ही ओली नाही. कोरडी आहे. गरम आहे.

ग्लेनिसला हाक मारली. पांघरूण हललं नाही. दोनदा मारली. जाऊन हात ठेवला. खाली नुसत्या उशा —

दोरा बाहेरच जातोय. ओढला तर ती उसवेल. सोडला तर —

धरून ठेवलाय. घट्ट. सोडणार नाही, ग्लेनिस, ऐकतेस का, मी सोड —

तिकडून ओढलं. हळूच. दोनदा.

थांबून पुन्हा दोनदा.

हो गं. आले. दार उघडते