ओला स्पंज

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, कारण पेन उचलवत नव्हतं. आज हिने समोर बसवलंय म्हणून लिहितोय. दुकान बंदच आहे. दुरुस्तीला आलेले लोकांचे पंखे, मिक्सर धूळ खात पडलेत. सकाळ झाली की वाटतं, आता हा दिवस कसा ढकलायचा. या उदासीच्या आजाराला नुसत्या गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी डोक्याला बारीकसा करंट द्यायचं ठरवलं. शुद्धीत, खुर्चीत बसून, काही आठवडे.

काल गेलो. नर्सने मिठाच्या पाण्यात बुडवलेले दोन स्पंज कपाळावर पट्ट्याने बांधले आणि बटणाकडे हात नेला. ताई, उभा जन्म मी लोकांवर ओरडत आलो, ओल्या हाताने बटणाला शिवू नका म्हणून! पट्ट्यासकट पळालो. माझ्यामागे ही, हिच्यामागे नर्स. आता परत जाणार नाही. माझं काही व्हायचं नाही.

भाचरांना आशीर्वाद. लोभ आहे, तो असू दे.

तुझा धाकटा,
फ्यूज

९ जानेवारी

चि. फ्यूज यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसले आणि शेवटाला आले तेव्हा रडले. 'काही व्हायचं नाही' असं पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन कान उपटीन. पट्टा तरी परत केलास का?

करंट म्हटल्यावर मीही घाबरले होते. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, झटके देतात ते निराळं. यात नुसत्या मुंग्या येतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण काहींना चांगला येतो. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.

लहानपणी रेडिओचा चौकोनी सेल माझ्या जिभेला कोण लावायचं रे? मी किंचाळले की टाळ्या पिटायचास. तेव्हा ओलं-कोरडं कुठे गेलं होतं? विश्वास नसेल तर तुझा करंट मोजायचा मीटर घेऊन जा, पण जा. मला तू हवा आहेस.

आमच्या दाराची बेल तू आजारी पडल्यापासून मुकी आहे. दुसऱ्या वायरमनला हात लावू देणार नाही. लोक दार बडवतात, बडवू देत.

वहिनीला जप. रागावले तरी माया तेवढीच.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मीटर घेऊन गेलो होतो. नर्सने स्वतःच्या कपाळाला हात लावला, पण माझ्याआधी नुसत्या स्पंजांवर यंत्र चालवून दाखवलं. मीटरवरचा आकडा बघून माझीच मला लाज वाटली. एवढ्यावर छोटा बल्बसुद्धा पेटायचा नाही. मग निमूट बसलो. पट्ट्याखाली खाज सुटते, बाकी काही नाही.

पहिले काही आठवडे फरक नव्हता. परवा चहाचा घोट घेतला आणि हिला म्हणालो, साखर विसरलीस. ही रडायलाच लागली. कारण विचारलं तर म्हणाली, गेल्या आठवड्यातही विसरले होते, तुम्ही मुकाट्याने प्यायलात.

अजून सगळं ठीक नाही गं. कधी सकाळ जड जाते. डॉक्टरही म्हणतात, हुरळून जाऊ नका. पण काल दुकान उघडलं आणि एक पंखा फिरवला.

रविवारी तुझ्याकडे येतो. बेलला कुणाचा हात लागू देऊ नकोस. दुरुस्त झाली की मी बाहेर जाऊन वाजवीन. दार उघडायची घाई करू नकोस. मला ती जरा वेळ वाजवायची आहे.

तुझ्या मायेचा धनी,
फ्यूज