दोघींनी विझवायची आग

मी, काच फुंकून बरण्या आणि दिव्यांच्या चिमण्या बनवणारी, वय त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डावा कान ठिकाणावर नाही, पण लिहायला तो लागत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. कारखान्याची जागा, भट्टी, फुंकनळ्या आणि चिमटे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला, द्यावेत. सहा वर्षे ती माझ्या हाताखाली शिकते आहे. तिच्या बरण्यांची तोंडे अजून वाकडी येतात, पण ती ते कबूल करते, म्हणजे सुधारेल.

२. मेहुण्यांना माझी शिडी. चौदा वर्षे ती त्यांच्याकडेच आहे. आता निदान हक्काने वापरावी.

३. राहती खोली आणि आतले सर्व सामान धाकट्या बहिणीला. शिवाय निळ्या पुठ्ठ्याची वही. वकीलबाई म्हणाल्या, "वहीत काय आहे ते नीट लिहा, नाहीतर रद्दीत जाईल." म्हणून लिहिते.

वहीत एक भाषा आहे. मी अकरा वर्षांची आणि धाकटी आठ वर्षांची असताना आम्ही ओट्याखाली एक राज्य वसवले. तिथली माणसे बोटाएवढी, ड्रॅगन मांजराएवढे. त्यांच्या भाषेत एखादी वस्तू किती जणांना आवरते, यावर तिचा आकार ठरे. एकट्याला आवरते ते 'तिम', दोघांना आवरते ते 'सुवा', कोणालाच आवरत नाही ते 'गोंब'. 'ओश' म्हणजे आग. दिव्याची ज्योत तिमओश. ड्रॅगन शिंकला की गोंबओश, म्हणजे सगळे टाकून पळायचे.

आई गेल्यावर आम्ही तिच्या शिवणयंत्रावरून भांडलो. धाकटीला ते हवे होते आणि मी दिले नाही. मला शिवता येत नाही, हे इथे नमूद करते. नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. भाची तेवढी दोन्ही घरी जेवायची.

गेल्या वर्षी एका दुपारी भाची डबा विसरली, तो घेऊन धाकटी कारखान्याच्या दारात आली. भाची माल पोचवायला गेली होती. मी भट्टीकडे तोंड करून उभी होते. मागे बरण्या बांधायच्या गवतावर काचेचा तापलेला तुकडा पडला आणि गवत पेटले. धाकटी "ताई, आग!" म्हणून ओरडली. भट्टीपाशी हा शब्द दिवसभर कानावर पडतो. मी वळलेसुद्धा नाही.

मग ती ओरडली, "सुवाओश!"

साठ वर्षांत तो शब्द मी ऐकला नव्हता. गर्रकन वळले. तिने ओल्या गोणपाटाचे एक टोक धरलेच होते. दुसरे मी धरले. चार वेळा आपटले तेव्हा विझली. दोघी काळ्याठिक्कर होऊन जमिनीवर बसलो.

"गोंबओश होती ती," मी म्हणाले. "पळायचं सोडून आत काय आलीस?"

"दोघी होतो की! मोजता येत नाही का तुला?"

मला हसू आले, मग रडू आले. "यंत्र घेऊन जा," मी म्हणाले.

"सुई तरी आहे का त्याला?"

नव्हती. तरी नेले.

४. वहीत पाने शिल्लक आहेत. तिघींना आवरते त्याला आमच्याकडे शब्द नाही. तो भाचीने ठरवावा. धाकटीने ढवळाढवळ करू नये.

५. धाकटीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळकत मिळते, त्याने साक्षीला राहू नये."

"मग मला काही नको. सही करू द्या," धाकटी म्हणाली.

मी ऐकले नाही. ती शेजारी बसून माझे ऱ्हस्वदीर्घ तपासते आहे.

सही: (ताई)
साक्षीदार: १. गल्लीतले डॉक्टर २. पोस्टमनकाका
ठिकाण: कारखान्यातले लांब टेबल
दिनांक: नऊ मार्च, सकाळी साडेदहा