बाद झालेली अकरा मतं

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांनी मी लिहायला बसले आहे ती एका निवडणुकीबद्दल. तुम्ही हसाल. सातवीत वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत मी चिंचा वाटून निवडून आले होते. तुम्ही ती निवडणूक रद्द केलीत, मला अख्ख्या वर्गापुढे उभं केलंत आणि उरलेल्या चिंचा जप्त केल्यात. त्या चिंचांचं पुढे काय झालं ते मला त्याच रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात आमटीच्या पहिल्याच घासाला कळलं. मी मान वर करून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही आणखी एक पळी वाढलीत.

वडगावातलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. रविवार सकाळ आहे, स्टोव्हवर दूध आहे, तुम्ही पाटावर बसून पेपर तपासता आहात आणि मी गुण मोठ्याने वाचते आहे, म्हणजे तुम्हाला बेरीज करता यावी. तेवढ्यात दारात गाईडवाला उभा राहतो. त्याच्या एका हातात गणिताचं गाईड आणि दुसऱ्या हातात कोरा करकरीत प्रेशर कुकर. मुलींना हेच गाईड घ्यायला सांगा, कुकर आपला ठेवून घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. तुम्ही त्याला बसवलंत, चहा दिलात आणि त्याच्याच गाईडातलं एक गणित त्याला सोडवायला दिलंत. बिचारा घामाघूम झाला. अर्ध्या तासाने उत्तर निघालं ते गाईडातल्या उत्तराशी जुळेना, आणि चूक त्याची नव्हती, गाईडाची होती. कुकर घेऊन तो जो गेला तो थेट एसटी स्टँडवर. दूध मात्र उतू गेलं आणि त्याचं खापर तुम्ही माझ्यावर फोडलंत.

तो गाईडवाला आता मोठा झाला आहे, बाई. म्हणजे तोच नव्हे, त्याची जात. आता तो कुकर घेऊन एकेका बाईंच्या दारात जात नाही, थेट आमदार करायला निघतो. विधान परिषदेत आपल्या विभागातून शिक्षकांची म्हणून एक जागा असते, तिला फक्त शिक्षक मत देतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या वेळी उमेदवार सायकलवरून यायचा, शाळेच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि मत मागायलाच विसरून जायचा. आता त्या जागेवर सगळ्यांचा डोळा आहे. शाळा काढणारे संस्थाचालक आहेत, राजारामपुरीत गल्लोगल्ली क्लास चालवणारे आहेत, गणवेश पुरवणारे आहेत, गाईड छापणारे तर आहेतच. शाळेला अनुदान मिळणार की नाही, तुकडी मंजूर होणार की नाही, हे जिथे ठरतं तिथे आपला माणूस बसलेला बरा, असा साधा हिशेब. म्हणून या मंडळींनी मिळून एक उमेदवार उभा केला. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे जावई. शिक्षणाशी त्यांचा संबंध एवढाच की जिल्ह्यातल्या अर्ध्या पोरांच्या चड्ड्या त्यांच्या कारखान्यात शिवल्या जातात.

खरी निवडणूक अजून व्हायची आहे. पण आमच्या संघटनेत एक पद्धत आहे, कोणाला पाठिंबा द्यायचा ते आधी आपसात मतदान करून ठरवायचं. प्रत्येक शाळेचा एक प्रतिनिधी, त्याला एक मत. आमच्या शाळेची प्रतिनिधी मी. आणि जावईबापूंच्या विरुद्ध उभे राहिले ते आमच्याच शाळेतले विज्ञानाचे सर. जयसिंगपूरजवळच्या जैन शेतकरी घरातला माणूस, अकरा वर्षं शाळेत शिकवतो, पण पद विनाअनुदानित, त्यामुळे पगार म्हणून जे हातात येतं त्याला पगार म्हणणं हा माझ्या सदरात बसेल असा विनोद आहे. (मी एका दैनिकात रविवारी विनोदी सदर लिहिते, बाई. तुम्ही असतात तर दर सोमवारी ते लाल शाईने तपासून परत पाठवलं असतंत.) घरी चार म्हशी आहेत म्हणून संसार चालतो. अशी माणसं जिल्ह्यात शेकड्यांनी आहेत. त्यांना राबवून घेणाऱ्यांचाच जावई त्यांचा प्रतिनिधी झाला, तर मग दाद मागायची कोणाकडे? सरांचं नाव मी सुचवलं. सूचक म्हणून माझी सही आहे.

मग सुरू झाला पाऊस, भेटवस्तूंचा. स्टाफरूमला भिंतीवरचं घड्याळ आलं, त्यावर जावईबापूंचा फोटो, काटे नेमके नाकातून निघालेले. पुरुष शिक्षकांना सफारीचं कापड, शिक्षिकांना साडी. माझ्याही घरी साडी आली. मोरपंखी, बारीक जरीची. मी ती परत पाठवली, बाई, पण खोटं कशाला बोलू, आरशापुढे एकदा खांद्यावर टाकून बघितली आणि मगच पाठवली. सुरेख दिसत होती. मग पन्हाळा रोडवरच्या एका लॉनवर जेवण ठेवलं. तिथल्या नियोजनाला मी मानते. आमच्यात जैन शिक्षक बरेच, ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांची शाकाहारी पंगत साडेपाचलाच, आणि तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्यांची दिवेलागणीनंतर. प्राचार्यांना सहामाही परीक्षेचं वेळापत्रक इतकं नीट लावता येत नाही. अध्यक्ष स्वतः दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, “आमी काय मागत न्हाय. मत तुमचं, जेवान आमचं. पोट भरून जावा की पावणं.”

आणि पहिल्याच पंगतीला कोण बसलं असेल? आमचे सर. मी दुसऱ्या पंगतीसाठी जरा लवकरच गेले होते (रस्सा मी खाल्ला, बाई, दोन वाट्या, सांगून टाकते), बघते तर सर विरोधकाच्या पंगतीत मांडी घालून जिलेबी खाताहेत. मी बाजूला घेऊन विचारलं, अहो हे काय? तर म्हणाले, “मॅडम, बोलवणं सगळ्या शिक्षकांस्नी होतं. मी शिक्षक न्हाय व्हय?” जेवून झाल्यावर त्यांनी वाढप्याच्या हातातली परात घेतली आणि उरलेल्या पंगतीला स्वतः जिलेबी वाढली. एकेकाच्या पानापुढे वाकायचं, दोन वेढे ठेवायचे आणि हळूच म्हणायचं, “जिलेबी त्यांची, मत माझं.” अध्यक्ष लांबून कौतुकाने बघत होते. वाढपी चांगला हाय, असं शेजारच्याला म्हणाले सुद्धा.

सरांकडून मतदारांना मिळालं एकच, एका कागदाचं पत्रक. ते मी लिहून दिलं. पुढच्या बाजूला सरांचं म्हणणं, मागच्या बाजूला मत कसं द्यायचं ते. कारण या निवडणुकीत शिक्का नसतो. नावापुढच्या चौकोनात एकचा आकडा लिहायचा, बास. आणि दर निवडणुकीत शिकलेल्या माणसांचीच मतं बाद होतात, याचं मला फार वर्षं हसू येत होतं. म्हणून मी लिहिलं की गुरुजन हो, आपण मत देत आहोत, पेपर तपासत नाही. बरोबरची खूण नको, शेरा नको, सही तर नकोच. आणि चुकलंच तर लाजू नका, टेबलावर जाऊन नवी मतपत्रिका मागा. पत्रक लोकांना भारी आवडलं. हातकणंगल्याच्या एका मुख्याध्यापकांनी ते शाळेच्या फलकावर लावलं म्हणे.

मतदान एका रविवारी सकाळी, राजारामपुरीतल्या एका शाळेत. निवडणूक अधिकारी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र प्रार्थनेच्या मैदानाचा. मतपेटी म्हणून प्रयोगशाळेतलं खोकं. सर दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत उभे. तोंड वाळलेलं. जिलेबी वाढतानाचा माणूस हाच का, असं वाटावं. मला म्हणाले, घरी बायकोला सांगून आलोय, आज न्हाय झालं तर शाळा सोडतो आणि आणखी दोन म्हशी घेतो. मी म्हटलं, म्हशींचं उद्या बघू.

मोजणी लगेच झाली. जुन्या मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या उलगडायला सुरुवात केली आणि हॉलमध्ये हसून हसून लोक लोळायचे बाकी राहिले. एकाने आपल्या उमेदवारापुढे एक लिहून खाली ‘पैकी एक’ लिहिलं होतं. एकाने दोन्ही नावांपुढे गुण दिले होते, आणि जावईबापूंना पाच गुण ग्रेसचे. एका मतपत्रिकेवर तारखेसकट सही, दुसरीवर ‘अक्षर सुधारा’. प्रत्येक चिठ्ठी वर धरून मुख्याध्यापक गरजायचे, “बाद!” मग एक साधी आली, सरांच्या नावापुढे फक्त बरोबरची खूण. मुख्याध्यापक म्हणाले, “काय म्हणावं ह्यांस्नी. पत्रक वाचून बी ही तऱ्हा. बाद!” अशी अकरा मतं गेली. सर्वांत जोरात मी हसत होते. माझ्या हसण्याने शेजारच्या बाईंना हसू फुटलं.

शेवटी बेरीज झाली. सर एका मताने निवडून आले. हो, एका मताने. दोनदा मोजलं, तरी एकच. सरांना काही क्षण कळलंच नाही. मग ते खाली बसले, तिथेच, फरशीवर. अध्यक्ष आले होते, त्यांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि पाठीवर थाप मारली, हे मी नमूद करते, कारण माणूस मोठा पैलवान आहे, डाव गेला तरी सलामी चुकवत नाही. जावईबापू मात्र मागच्या दाराने गेले. भिंतीवरच्या घड्याळांचं काय करायचं हा प्रश्न आता शाळाशाळांत चर्चेला आहे.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आले, घरच्या म्हशींच्या खव्याचे. सगळ्यांना एकेक, मला दोन. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “एका मतानं आलो. ते एक मत कुणाचं, मला ठावं हाय.” आणि माझ्याकडे बघून हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी मी सदरात त्या अकराजणांवर लिहिलं. मोकाट सुटले. ज्यांना चौकोनात एक आकडा लिहिता येत नाही त्यांच्या हाती आपण मुलं सोपवतो, वगैरे. लेख गाजला. लोकांनी थांबवून थांबवून टाळी दिली.

बाई, ती साधी खूण माझी होती. लांब शेपटीची, तुम्ही काढायचात तशी. पडद्यामागे गेले, सरांचं नाव दिसलं, बरं वाटलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने हात फिरून गेला. चूक लगेच ध्यानात आली. चार पावलांवर टेबल होतं, नवी मतपत्रिका मागायची होती, बस. पण टेबलावर त्या पत्रकांचा गठ्ठा होता, मागची बाजू वर केलेला, आणि मुख्याध्यापकांचा तो आवाज. उद्या अख्खा जिल्हा हसला असता. मी चिठ्ठीची घडी घातली आणि खोक्यात टाकली.

आणखी एकच मत उलटं पडलं असतं तर तो माणूस आज शाळेत नसता, आणि हरला तर तो शाळा सोडणार हे मला खोक्याजवळ उभी असताना माहीत होतं. सरांना अजून सांगितलेलं नाही. काल पुन्हा त्यांनी दूध पाठवलं आणि पैसे घेतले नाहीत, मी दोनदा नको म्हटलं आणि पातेलं पुढे केलं. आधी वाटलं होतं, हे सगळं सदरातच लिहावं, स्वतःवर. तसा मजकूर लिहिलासुद्धा, चांगला जमलाही होता. तो पाठवला नाही. त्याऐवजी हे तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्याकडून कोणाला कळायची आता भीती नाही.