सॉलवेगला माझा मैद्याचा डबा

मी, मर्टल ट्रसेल, डॉइल ट्रसेलची विधवा, राहणार हॅडली स्प्रिंग्ज, अलाबामा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. गाठ साधीच निघाली असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा घाई अशी नाही. पण आधीचे मृत्युपत्र मी रागात केले होते, ते आजपासून रद्द समजावे. त्यात सून सॉलवेगला फक्त एक मोडका झारा ठेवला होता.

१. राहते घर मुलगा वेंडल आणि सॉलवेग या दोघांच्या नावे. पूर्वी ते चर्चला दिले होते. चर्चने रुसू नये. पियानो त्यांनाच आहे, सूर मात्र त्यांनी लावून घ्यावेत.

२. डॉइलची मासेमारीची होडी वेंडलला. ती गळते, हे त्याला ठाऊक आहे.

३. माझ्या आईच्या रेड वेल्व्हेट केकची चव मी कुकीत उतरवली, कारण चर्चच्या जेवणावळीत केक कापेपर्यंत कोणाला धीर धरवत नाही. या कुकी मी सॉलवेगला शेजारी उभे करून शिकवल्या: लोणी, साखर, कोको, ताक, लाल रंग, डब्यातला मैदा, वरून क्रीम चीजचा थर. तिने आपल्या घरी करून जेवणावळीला आणल्या, तर कौलासारख्या चपट्या नि कडक. आमच्या चर्चमधली वर्नेल पिकेट सगळ्यांदेखत म्हणाली, "मर्टलनं एक जिन्नस मुद्दाम गाळला गं बाई. सुनेला कोण खरं सांगतं?" आमच्या गावात बायका असे करतात, म्हणून ते सगळ्यांना पटले. सॉलवेगलाही पटले. तेव्हापासून ती मला "मिसेस ट्रसेल" म्हणू लागली आणि नाताळाला वेंडल एकटाच येऊ लागला. शपथेवर सांगते, मी काहीही गाळले नव्हते. मला फार लागले ते.

४. यंदा मी इस्पितळातून घरी आले, तेव्हा सॉलवेग माझ्यापाशी राहिली. मला जेवण जाईना, म्हणून तिने माझ्या ओट्यावर, माझ्याच डब्यातला मैदा घेऊन त्याच कुकी केल्या. छान फुगल्या. ती ट्रे हातात धरून उभीच.

"मिसेस ट्रसेल, मी वेगळं काहीच केलं नाही हो."

"मग तेव्हा मैदा कुठला घेतला होतास?"

"साधा. माहेरी मिनेसोटात घेतात तसला."

"साधा? अगं, इथं सगळ्यांच्या डब्यात बेकिंग पावडर नि मीठ मिसळलेलाच मैदा असतो. हे काय सांगायचं असतं?"

"मग मला कसं कळणार, आई?"

आम्ही दोघी हसत सुटलो, मग रडलो. गाठीचा निकाल ऐकूनही एवढे हलके वाटले नव्हते.

५. सबब तो डबा सॉलवेगला. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला कुकी तिनेच कराव्यात, त्याच डब्यातल्या मैद्याच्या, आणि ताट आधी वर्नेलपुढे धरावे.

६. वर्नेलला काही नाही. साक्षीला बोलावले आहे, तेवढे पुष्कळ झाले.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, हॅडली स्प्रिंग्ज
तारीख: ३ ऑक्टोबर २०१९
सही: मर्टल ट्रसेल

साक्षीदार: लॉयड हेन्सन, शेजारी. मर्टलबाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: वर्नेल पिकेट. सगळं वाचून सही करते. मर्टलनं काही गाळलं नव्हतं. सहीआधी एक कुकी दिली, दुसरी मागितली तर म्हणते, अंत्यविधीला ये.