अपभ्रंश

१२ नोव्हेंबर २००४, गोंदिया

मन लागत नाही. संध्याकाळी टीकाराम अर्धा चहा टाकून उठून गेला. धानाची गिरणी चालवणाऱ्या या माझ्या मित्राने वीस वर्षांत कधी चहा टाकला नव्हता. वाद कशावरून, तर सिनेमाच्या गाण्यांचं सर्वांत चांगलं दशक कोणतं. मी साठचं म्हणालो, तो नव्वदचं.

"माह्या लग्नात तेच गाणे वाजून राहिले होते, पंडितजी."

झालं, माझी विद्या जागी झाली. म्हणालो, "ती गाणी नव्हेत, अपभ्रंश आहे."

"म्हणजे आमी भ्रष्ट? काऊन जी?" एवढंच बोलला आणि चपला घातल्या. अर्धा चहा तसाच.

ही आतून म्हणाली, "साठच्या दशकात तुम्ही संस्कृत पाठशाळेत होतात. तिथे रेडिओला बंदी. गाणी ऐकलीत कुठे?"

खरं आहे. ती सगळी मी पुढे टीकारामच्याच टेपवर ऐकली.

अपभ्रंश ही शिवी नाही, त्या नावाची जुनी भाषा मराठीची आईच, असं त्याला पटवता येईल. तो ऐकेलही, भोळा आहे. पण मी शब्द वापरला तो शिवी म्हणूनच. सकाळी गिरणीवर जाऊन तेवढंच कबूल करायचं. व्युत्पत्ती सांगायची नाही.