मुकादमिणीचा डावा सड

४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून ही पत्रं बरी. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

परवा तू घाईघाईने निघून गेलास. तुझे दाजी म्हणाले, त्याला दवाखान्यात काम असेल. मला काही ते पटलं नाही. माझा गोठा बघायला बावीस गायवाले आले होते, त्यांच्यासमोर मी जरा जास्तच बोलले. डॉक्टर सुई घेऊन येतात, जनावराचं तोंडही न बघता मागून टोचतात आणि जातात, आमचा धाकटाही त्यांतलाच, असं म्हटलं आणि सगळे खो खो हसले. तूही हसलास, पण तुझे कान लाल झाले होते. लहानपणापासून तुझं सगळं आधी कानांत दिसतं.

बोलण्याची पद्धत चुकली असेल, पण म्हणणं मी मागे घेणार नाही. जनावर बसतं कसं, रवंथ किती वेळ करतं, शेण कसं टाकतं, शेजारीण कोण आहे, खालचा पेंढा कोरडा आहे का, हे सगळं मिळून तब्येत होते. औषध हा त्यातला एक भाग. औषध नकोच, असं मी कधीही म्हटलेलं नाही, हे तूही लक्षात ठेव.

बाकी सगळं ठीक. फक्त आमची मुकादमीण गाय दोन दिवस मागे मागे राहते आहे. एरवी गोठ्यात तिच्याआधी शिरायची कुणाची छाती नाही. नवी गाय आणली म्हणून रुसली असावी. तिला खिडकीजवळची जागा दिली आणि पेंढा दुप्पट घातला. त्या दिवशी तू तिला सगळ्यांसमोर तपासलंस आणि काही बोलला नाहीस, म्हणजे ठणठणीतच असणार.

राग आला असेल तर दोन दिवस धर आणि सोडून दे. लोभ मात्र धरून ठेव.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण एका मांजराने माझा अंगठा फोडला. जनावराचं तोंड न बघता टोचायला गेलो, असं तू म्हणशीलच. रागबिग काही नाही. कान उन्हाने लाल झाले होते.

घरी सगळे मजेत. धाकटीचे पुढचे दोन दात पडले आहेत आणि तरी तिचं बोलणं थांबलेलं नाही. घराणंच असं, असं तिची आई म्हणते आणि माझ्याकडे बघते.

मुकादमीण मागे राहते, हे वाचलं. तुझ्यासारखं सगळं जनावर बघणारं माणूस घरात असताना मी वेगळं काय सांगणार? अधूनमधून कासेलाही हात लावून बघत जा, सगळ्याच गायींच्या. दाजींना नमस्कार.

तुझा लोभ आजवर होता तसाच असू दे.

तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आज थट्टा सुचत नाही. मुकादमिणीला कासदाह झाला. मागचा डावा सड कायमचा गेला.

दहा तारखेला नेहमीप्रमाणे पहिल्या चार धारा काळ्या वाटीत काढल्या, तर दुधात गुठळ्या. हात लावला, तर तेवढी बाजू गरम आणि दगडासारखी घट्ट. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. बावीस माणसांसमोर एवढं बोलून बसल्यावर आठ दिवसांत सुई बोलवायची मला लाज वाटली. कोरफडीचा लेप लावला, दर दोन तासांनी धार काढून टाकली, आणि सूज उतरते आहे, उतरते आहे असं तीन दिवस स्वतःला समजावत राहिले. चौथ्या दिवशी ती उठेना. इथले डॉक्टर आले. एका शब्दानेही मला टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ताप आता उतरला आहे आणि ती खायलाही लागली आहे. पण धार काढायला बसले की ती अंग चोरते. सहा वर्षांत तिने कधी असं केलं नव्हतं. मी गुन्हेगार आहे तिची. तुझी कासेबद्दलची ओळ पोचली तेव्हा माझे हात लेपाने भरलेले होते. तुला नेमकं तेच कसं सुचलं, कोण जाणे.

नऊच्या नऊ गायी विकायचं मी ठरवलं आहे. पंचवीस तारखेला व्यापारी येतो. तुझे दाजी सारखे गोठ्यात जाऊन उभे राहतात. जिला हाताखालची कास कळली नाही, तिने लोकांना गोळा करून शहाणपण शिकवू नये. एवढं झाल्यावर लोभ कर असं लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ते मला सुचलं नव्हतं. मला माहीत होतं.

त्या दिवशी मुकादमिणीला तपासताना मागच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा कठीण भाग माझ्या बोटांना लागला. जरासा गरमही होता. दूध अजून बिघडलेलं नव्हतं, म्हणून तुझ्या वाटीत काही दिसलं नसतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ते सगळे नुकतेच माझ्यावर हसले होते. मनात म्हटलं, हिला सगळं जनावर दिसतं ना, मग बघू दे. हात धुतले आणि निघून आलो.

वाटेत दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा ठरवलं की घरी गेल्यावर फोन करू. केला नाही. नंतर पत्रात ती ओळ घातली, तीही सगळ्या गायींच्या नावाने, म्हणजे मी सांगितलंही आणि अडकलोही नाही. त्याच दिवशी उपचार सुरू झाले असते तर तो सड बहुतेक वाचला असता. हे मी तुझा भाऊ म्हणून नाही, डॉक्टर म्हणून लिहितो आहे. तुझ्यावरचा राग मी एका मुक्या जनावराच्या अंगावर काढला. मांजरं, कुत्री समोर आली की हल्ली माझे हात कचरतात.

ताई, गायी विकू नकोस. ती मागे राहते, हे तू दुसऱ्याच दिवशी पाहिलंस. तुझी नजर चुकली नव्हती. त्या नजरेला ज्याने हाताची जोड द्यायची, तो माणूस गप्प बसला. शिक्षा करायचीच असेल तर मला कर.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही. तरी तो राहावा, एवढंच मागणं.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आज हाताने लिहवत नाहीत. आहेत, असं समज.

तुझं पत्र गोठ्यातच वाचलं आणि संतापाने पेंढ्यात फेकून दिलं. तुझ्या दाजींनी ते शोधून, झटकून आणून दिलं आणि म्हणाले की भावंडं अगदी एकाच साच्यातली आहात. तेव्हा मला त्यांचाही राग आला. मग दोन दिवस मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले की आता लिहायला काही उरलेलं नाही.

एक उरलं आहे. तुझा हात कासेवर थांबलेला मी पाहिला होता. मी तुझ्या शेजारीच उभी होते. तुझी बोटं परत त्याच जागी गेली, तेही पाहिलं. काय लागलं, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर बावीस जणांसमोर तू डॉक्टर ठरला असतास आणि मी अडाणी. म्हणून मी घाईघाईने तुला बाजूला करून सगळ्यांना चाऱ्याची जागा दाखवायला नेलं. मागचं पत्र लिहितानाही हे मला आठवत होतं. लेपाचं लिहिलं, हे लिहिलं नाही.

व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं आहे. मुकादमीण तीन सडांवर दूध देते आहे. दुसरी गाय आता तिच्या पुढे जाऊन आत शिरते आणि ती जाऊ देते. ते बघवत नाही.

त्याच बावीस जणांना मी येत्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे. मागच्या खेपेला मी त्यांना अर्धंच शिकवलं. मुकादमिणीला मध्ये उभी करायची. आधी मी सांगेन की मी काय पाहिलं आणि का विचारलं नाही. मग तू सांगायचंस की तुझ्या हाताला काय लागलं आणि तू का बोलला नाहीस. लोक हसणार नाहीत, आणि तेच जास्त कठीण जाणार आहे. माफीचं आपण नंतर, दोघं असताना बघू. ती मला अजून जमलेली नाही, तुलाही इतक्यात जमू नये.

लोभ तुटलेला असता तर तुला यातून सुटू दिलं असतं. नऊ वाजता ये.

तुझी ताई