नाक वर केलेली नवरी

११ ऑक्टो., शनि.
पुढचा अ‍ॅक्सल बसला. अखंड लोखंडी, जुन्या ट्रकला असतो तसा. गाडीचं नाक वीतभर वर गेलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती गॅसर दिसली. मी आणि लतीफभाई गॅरेजच्या दारात उभं राहून नुसतं बघत होतो.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली. "अगं, पुढून अशी उचललेली का? पंक्चर काढताय?" म्हटलं, आई, सुटताना सगळं वजन मागच्या चाकांवर जायला हवं, म्हणजे टायर रस्ता पकडतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत पोरं घरच्या गाड्या अशा करून सरळ पाव मैल पळवायची. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, म्हणजे त्यांच्या 'गॅस'वर, म्हणून गॅसर. "आणि आमचा संजय नाही, तू चालवणार ती?" हो. "बरं बाई, केस बांधून बस."

खोर फक्कानला अबू राशिदना फोटो पाठवला. गाडी त्यांच्या वडिलांची, पंचावन्न सालची. ते तिला 'अरूस' म्हणायचे, म्हणून आमची नवरी. देताना त्यांची एकच अट होती: झाकून ठेवायची नाही, पळवायची. त्यांचं उत्तर: नुसते सात बदाम, लाल.

१८ ऑक्टो., शनि.
करामातल्या घरून शारजातल्या गॅरेजला पोचायला सव्वा तास. मांडीवर फराळाचा डबा.

पिंजरा तयार. गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून सीटभोवती पोलादी पाइपांचा. आठवडाभर ल.भा. एकटेच खपले. मी सीटमागच्या मोठ्या कमानीच्या वेल्डिंगच्या जोडावरून सहज बोट फिरवलं. डोळ्याआधी बोटाला कळलं. कडेला पाइप खाल्लेला. दोन ठिकाणी धातू नुसता वर बसलाय, आत गेलेलाच नाही.

यार्डात, कामावर, असा जोड तपासायला आला असता तर पिवळ्या खडूने नापासाची फुली मारून पुढे गेले असते.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.
"आधी चकली खा," म्हटलं.

चहा ओततानाही त्यांची धार कपाच्या बाहेर पडली. माझ्याकडे न बघता पुसली.

२१ ऑक्टो., मंगळ.
दिवाळी. पणत्या बाल्कनीत. मन गॅरेजमध्ये.

यार्डातला माझा पहिला महिना आठवतोय. सत्तर वेल्डर, आणि वेल्डिंग तपासणारी बाई एकटी मी. सगळ्यात सीनिअर माणसाचा जोड नापास केला. फोरमन हसला, "मॅडम नई है, जाने दो." त्या सीनिअर माणसाने ग्राइंडर आणला, स्वतःचा जोड कापला, आतली पोकळी सगळ्यांना दाखवली. "मॅडम सही बोलती है." त्यानंतर यार्डात कुणी माझ्याशी वाद घातला नाही. ते लतीफभाई. वीस वर्षांची नोकरी त्या पाच मिनिटांवर उभी आहे.

आणि त्यांना मी सांगू की

संजय म्हणाला, "सांगणार नसशील तर त्या गाडीत बसू नकोस. दोन्हींतलं एक ठरव." ऋचा मोबाइलमधून मान वर न करता, "आई, जस्ट टेल हिम."

२५ ऑक्टो., शनि.
सांगितलं. वाईट सांगितलं. यार्डाच्या आवाजात.

"अडतीस वर्षं मारतोय मी जोड. तू मना शिकवतेस?"
"लतीफभाई, एकदा बोट लावून बघा."
"नाय बघायचा."

मास्क खिळ्याला अडकवला आणि स्वतःच्याच गॅरेजमधून निघून गेले. कुलूप मी लावलं. परतीच्या ट्रॅफिकमध्ये रडले. शेजारच्या पिकअपमधल्या पठाणाने खिडकीतून टिश्यूचा डबा पुढे केला. दोन घेतले.

१ नोव्हें., शनि.
फोन उचलत नाहीत. सातवा दिवस. आज गॅरेजला गेले नाही. घर आवरलं, मग पुन्हा आवरलं.

२ नोव्हें., रवि.
सकाळी मेसेज: "ये." एवढंच.

जमिनीवर कापडावर सगळे जोड ओळीने मांडलेले. चौदाच्या चौदा त्यांनी कापून काढले होते. प्रत्येकाचा आतला भाग वर.

"नऊ खराब," म्हणाले. "तू एकच बघितलास."

मग, "दोन वर्षं उजव्या डोळ्यात धुकं हाय. घरात पण बोललो नाय. डावा पण चाललाय तसाच. वेल्डरचे डोळे गेले ते कुणाला सांगायचा, बाय?"

त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. चहा मी ओतला.

मोतीबिंदू असणार. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

१५ नोव्हें., शनि.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. संजय गाडी घेऊन, मी डबा घेऊन. त्यांच्या गावाहून, म्हसळ्याहून, भाभीचा फोन. रागावली होती, मग रडली, मग मला म्हणाली, "पट्टी निघेपर्यंत त्यांना आगीजवळ जाऊ देऊ नको." वचन दिलं.

२२ नोव्हें., शनि.
पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली होती, गॅरेजला ते आज आले. पहिलं वाक्य: "नवरीचा रंग पिवळट नाय, पांढरा हाय! मना कुणी बोलला नाय?"

डॉक्टरांनी वेल्डिंगला दीड महिना मनाई केलीय. ल.भा. म्हणाले, "मग तू मार."
मी? वीस वर्षं दुसऱ्यांचे जोड नापास केलेत, स्वतः एक मारलेला नाही.
"तेच बोलतो. आता कळंल."

भंगार पाइपवर पहिला जोड. कबुतर शिटून गेल्यासारखा. ल.भा. लांब खुर्चीवर, काळा चष्मा लावून. जोड थंड झाल्यावर आले, माझ्याच पर्समधून पिवळा खडू काढला आणि फुली मारली. किती खूश होते!

१३ डिसें., शनि.
आजवर अकरा नापास. हाताला दोन फोड. मास्कच्या आत घाम, श्वास, आणि तो हिरवा उजेड. जोड वाहताना आवाज कसा हवा ते आता कळतं. तेल तडतडल्यासारखा, एकसारखा. आवाज तुटला की जोड तुटला. हे मला एकाही कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

यार्डात काल एका केरळी वेल्डरचा जोड नापास केला. आधी त्याच्याशेजारी उकिडवी बसले आणि कुठे चुकलं ते दाखवलं. तो बघतच राहिला.

१० जाने., शनि.
डॉक्टरांनी परवानगी दिली. ल.भा.नी बिस्मिल्ला म्हणून मास्क खाली ओढला. मी पाठमोरी उभी राहून फक्त ऐकत होते. आवाज कुठेही तुटला नाही.

संध्याकाळपर्यंत पाच. उद्या उरलेले.

११ जाने., रवि.
तेरा झाले. चौदावा, माझ्या सीटमागचा, त्यांनी सोडला.
"तो तुझा."
"नको. माझा जीव त्याच्या भरवशावर आहे."
"म्हणून तर."

मारला. लाल रंग लावला, पुसला, वर पांढरा फवारा मारला. भेग असेल तर लाल रेघ उमटते. तपासायला वाकले तर त्यांनी हाताने बाजूला केलं. स्वतःचा जोड स्वतः तपासायचा नाही, नियम माझाच. दहा मिनिटं त्या नव्या डोळ्याने बघत होते. मग खडू खिशात ठेवला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत. त्यांचा मुलगा म्हणतो, त्यानंतर खलास, घरी या. ल.भा. म्हणतात, इन्शाल्ला. त्याचा अर्थ हो की नाही, मी विचारलेलं नाही. ही तीन वर्षं मिळाली, तेवढं खूप आहे. अजून मिळाली तर

२४ जाने., शनि.
शर्यतीच्या ट्रॅकच्या कडेला बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. सकाळचे नऊ. तपासनीस गोरा, उंच. पिंजऱ्याला टॉर्च लावून फिरला. माझ्या जोडापाशी जास्त वेळ थांबला. "हू डिड दिस वन?" ल.भा.नी माझ्याकडे बोट केलं. त्याने पासचा स्टिकर चिकटवला.

अबू राशिद खोर फक्कानहून नातवंडांना घेऊन आलेत, खजूर आणि गाहवाचा, अरबी कॉफीचा, थर्मास. बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. ऋचा व्हिडिओ काढतेय आणि "आई, प्लीज डोंट डाय" म्हणतेय, हसत, पण दोनदा म्हणाली. संजय तिसऱ्यांदा टायरची हवा बघतोय.

नवरी सरळ जाईल का? नाक उचललं की पुढची चाकं हवेत, तेवढा वेळ स्टिअरिंग नुसतं नावाला. कुणालाच माहीत नाही.

नंबर पुकारला. ल.भा. हेल्मेटचा पट्टा ओढतायत.
"श्वास घेता येतो?"
"नाही."
"मग बरोबर हाय."

वही संजयकडे देते